गोड न कळणाऱ्याचा मधुमेह

मांजराला गोड कळत नाही. साखर, गूळ, श्रीखंड, बासुंदी हे सगळे त्याच्या जिभेला सारखेच मुके. मांजर बासुंदीच्या पातेल्यात तोंड घालते ते दुधातल्या स्निग्धांशासाठी, साखरेसाठी नव्हे. २००५ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याचे कारण शोधून काढले. गोड चव ओळखणारी यंत्रणा जिभेवर उभी करायला दोन जनुके लागतात. त्यांतले एक मांजरात मोडलेले असते. त्यांनी वाघाचे आणि चित्त्याचे नमुनेही तपासले, तर तिथेही तीच मोडतोड निघाली. आपल्याकडे मांजराला वाघाची मावशी म्हणतात. हे नाते थेट जिभेपर्यंत खरे आहे तर!

आणि तरीही या मावशीला मधुमेह होतो. चांगला माणसासारखा होतो. ज्या प्राण्याने जन्मात कधी गोड मागितले नाही, त्याला गोडाचा आजार व्हावा, ही गोष्ट मला प्रथम कळली तेव्हा मी हसलो होतो. पुढे तिच्यात शिरत गेलो, तसे हसू ओसरले.

गेल्या दिवाळीनंतर मी येडगावला गेलो होतो. जुन्नर तालुक्यातले, कुकडीकाठचे हे गाव म्हणजे माझे आजोळ. नारायणगाव मागे टाकले की धरणाचे पाणी दिसू लागते आणि दोन्ही अंगांना ऊस लागतो. मामेबहिणीच्या ओटीवर चहा घेताना पुण्यातल्या आमच्या शेजाऱ्यांच्या बोक्याला इन्सुलिन सुरू केल्याचे मी सहज बोलून गेलो. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, ''दादा, मांजराला कसली आली शुगर? त्याला काय तुम्ही पुण्यात चहा पाजता?''

प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. उत्तर द्यायला मला बरेच मागे जावे लागले.

शेजाऱ्यांचा बोका म्हणजे बाळ्या. तांबूस, देखणा, वय वर्षे नऊ, नसबंदी झालेला. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटबाहेर त्याने कधी पाऊल टाकले नाही. भरात असताना वजन सात किलोच्या वर. आपल्याकडच्या सर्वसाधारण मांजराचे वजन साडेतीन ते पाच किलो असते, हे ध्यानात घेतले म्हणजे बाळ्याचा थाट कळेल. येणारेजाणारे कौतुक करायचे. अंगाने भरलेले मांजर आणि अंगाने भरलेले बाळ ही घरच्या सुबत्तेची खूण, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो आहोत.

मग बाळ्या पाणी पिऊ लागला. मांजर मुळात कमी पाणी पिणारे जनावर. वाळवंटातल्या रानमांजराचा वंशज तो. हा मात्र बादलीशी जाऊन बसे. त्याचा मातीचा ट्रे दिवसातून तीनदा बदलावा लागू लागला, आणि एके सकाळी ट्रेभोवती मुंग्यांची रांग दिसली. लघवीला मुंग्या लागणे ही मधुमेहाची खूण आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनी फार पूर्वी टिपून ठेवली आहे. खाणे दुप्पट झाले आणि वजन उतरू लागले. घरच्यांना वाटले, चला, बारीक होतोय, बरेच झाले! पुढे तो मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून, सशासारखा बसकट चालू लागला तेव्हा मात्र डॉक्टरांकडे धाव घेतली. साखर नसांपर्यंत पोहोचली होती.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येतो. मी पस्तीस वर्षे बँकेत काढली, तेव्हा हिशेब मला जमाखर्चातच समजतो. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण दोनशे ते अडीचशे कॅलरी लागतात. एका उंदरात अंदाजे तीस. म्हणजे रोजचे सात-आठ उंदीर झाले की खाते जुळले. पण ते सात-आठ उंदीर ताटात येत नाहीत. एकेकासाठी दबा धरावा लागतो, झेप चुकते, पुन्हा दबा धरावा लागतो. कमाई आणि कष्ट एकाच पानावर मांडलेले. शिवाय उंदरात असते काय, तर प्रथिने आणि चरबी. पिष्ट जवळजवळ नाहीच. हजारो वर्षे हेच खाल्ल्यामुळे मांजराच्या यकृताने पिष्टाचा मोठा साठा एकदम हाताळण्याची तयारी ठेवलेलीच नाही. आपण पुरणपोळी खाल्ली की यकृतातले जे विकर चटकन कामाला लागते, ते मांजरात फारच क्षीण असते.

आता फ्लॅटमधला बाळ्या घ्या. त्याच्यापुढे दिवसभर कोरड्या खाद्याची वाटी भरलेली. हे दाणे मांसाच्या नावाने विकले जातात, आणि मांस त्यात असतेही. पण दाण्याला दाण्याचा आकार यायला पिष्ट लागतेच. तेव्हा त्यातल्या उष्मांकांचा बराच मोठा वाटा मका, तांदूळ, गहू यांचा. नसबंदीनंतर मांजराची गरज सुमारे पाव हिश्श्याने घटते आणि भूक मात्र वाढते. (नसबंदी करू नये असे मी म्हणत नाही, ती केलीच पाहिजे. त्यानंतर वाटी लहान केली पाहिजे, एवढेच.) दबा नाही, झेप नाही, खर्चाची बाजू कोरी. शिल्लक कुठे जाणार? पोटाखाली.

ही चरबी नुसती लोंबत नाही. ती इन्सुलिनचे काम अडवते. ऑस्ट्रेलियातल्या २००१ सालच्या एका अभ्यासात मांजरांचे वजन सरासरी ४४ टक्के वाढले, तेव्हा त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद निम्म्याहून खाली आला. मग स्वादुपिंड जादा इन्सुलिन ओतत राहते, दमते, आणि त्याच्या पेशींभोवती एका प्रथिनाचा चिकट थर साचू लागतो. हाच थर माणसाच्या टाइप टू मधुमेहातही सापडतो. कुत्र्याला मधुमेह होतो, पण त्याचा प्रकार वेगळा, मुलांना होणाऱ्या मधुमेहाच्या जवळचा. गंमत अशी, की १९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला तो कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून. पण आपल्या मध्यमवयीन, सुखवस्तू मधुमेहाचा खरा जोडीदार निघाला तो मांजर. स्थूल मांजराला हा धोका सडपातळ मांजराच्या चौपटीपर्यंत असू शकतो. ब्रिटनमध्ये अंदाजे दोनशे मांजरांत एक मधुमेही आढळते. बर्मीज जातीच्या मांजरांत प्रमाण आणखी जास्त.

बर्मीज मांजराचा उल्लेख आला की मला आपण आठवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले होते. दोघे शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा हुबेहूब सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३पासून याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्रज बाळांहून कितीतरी हलकी. पण मांस कमी आणि चरबी मात्र राखून ठेवलेली. वरून कृश, आतून स्थूल. दुष्काळाच्या तयारीने जन्माला आलेले शरीर, आणि पुढ्यात आली सुबत्तेची वाटी. बाळ्याची गोष्टही याहून फार वेगळी नाही.

इथवर ऐकून बहीण म्हणाली, ''हे तुमच्या पुण्याचं झालं. आमच्या मनीला काय होतंय?''

येडगावच्या मांजरांना मी लहानपणापासून ओळखतो. त्यांना कुणी पाळत नसे. ती घराला असत. कणगीतले धान्य, कांद्याची वखार, गोठ्यातली पेंड यांवर उंदीर येत आणि उंदरांवर मांजर येई. धार काढताना करवंटीत दुधाचा एक फवारा मिळे, तो पगार नव्हे, बक्षिसी. मांजर माणसाच्या जवळ आले तेच मुळी धान्याच्या कोठारामागून, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, असे संशोधक सांगतात. म्हणजे आपल्याकडची ही सर्वांत जुनी नोकरी. तिच्या जिवाची किंमतही होती. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, असा धाक आजी घालत असे.

मग १९७७ साली येडगावचे धरण झाले. कुकडी प्रकल्पाचे पाणी फिरले आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. त्या उसासाठी आणि पाइपलाइनसाठी कर्जे देण्यात माझी पिढी गुंतली. ऊस म्हणजे वर्षभर हलणारे दाट रान. त्यात बिबट्या आला, त्यातच व्याला, वाढला. २००१ ते २००३ या काळात जुन्नरमध्ये माणसांवर हल्ले झाले, पिंजरे लागले, माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र उभे राहिले. आजही संध्याकाळी इथल्या वस्त्यांवर लोक पोरांना घरात घेतात. साखरेच्या रानात राहणारे हे जनावर, आणि साखर त्यालाही कळत नाही!

त्याला कळते ते कुत्रे, शेळी आणि मांजर. डोंगरापलीकडे अकोले भागातल्या शेतवस्त्यांत विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचाच ३९ टक्के. त्याच भागात घरोघरी मोजदाद केली, तर चौरस किलोमीटरला कुत्री २४ आणि मांजरे ६१. मावशी भाच्याच्या ताटात बसलेली.

म्हणून बहिणीने दोन वर्षांपासून मनीला दिवेलागणीला घरात घेऊन दार लावायला सुरुवात केली. बरोबरच केले. पण उंदीर निघतो तो दिवेलागणीलाच. मनीची पाळी गेली, नोकरी सुटली. कणगीही राहिली नाही. धान्य येते ते बंद पिशवीतून. रात्रभर घरात कोंडलेली मनी म्याँव करते, म्हणून मुलगा दूधभात देतो, नातू चहात बुडवलेले ग्लुकोज बिस्किट देतो. एका बिस्किटात वीस-पंचवीस कॅलरी. मनीच्या दिवसाच्या गरजेचा हा दहावा भाग. आपल्या हिशेबात बशीभर पोहे. नातू तिला रोज चार बिस्किटे देतो. मी मनीला उचलून घेतले तर बरगड्या हाताला लागेनात. बहिणीला विचारले, ''चहा कोण पाजतंय मग?''

ती हसली, पण नातवाकडे बघत.

यावर कुणी म्हणेल, मग सोडा मांजरे मोकळी, जुने तेच बरे. मला ते पटत नाही. येडगावच्या जुन्या मांजरांना मधुमेह होत नव्हता याचे एक कारण हेही, की मधुमेह होण्याच्या वयाला ती पोहोचतच नव्हती. हा आजार बहुधा सात-आठ वर्षांनंतरचा. तिथे चार वर्षांत कुत्रे, बिबट्या नाहीतर नाशिक रस्त्यावरचा ट्रक. फ्लॅटमधले मांजर पंधरा वर्षे जगते. आपण त्याचे आयुष्य वाढवले, ही चांगलीच गोष्ट आहे. वाढवलेल्या आयुष्यात त्याला करायला काय ठेवले, एवढा प्रश्न उरतो. नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

बाळ्याचे पुढे काय झाले, ते उपयोगाचे आहे म्हणून सांगतो. डॉक्टरांकडे नेल्यावर भीतीनेही मांजराची साखर चढते. म्हणून एका तपासणीवर न थांबता त्यांनी मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी वेगळी चाचणी केली. मग बारा-बारा तासांनी कातडीखाली इन्सुलिन. सुई बारीक असते, वाटीवर मान असताना टोचली तर मांजर वळूनही बघत नाही. एकाच गोष्टीची फार काळजी घ्यावी लागते: आपल्याकडे ४० आणि १०० अशा दोन ताकदींचे इन्सुलिन मिळते आणि दोहोंच्या सिरिंजा वेगळ्या असतात. अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट होते आणि साखर उतरून मांजर दगावू शकते. कोरडे खाद्य बंद झाले, उकडलेली कोंबडी आणि कमी पिष्टाचे ओले खाद्य सुरू झाले, तेही डॉक्टरांनी आखून दिलेले; कारण नुसत्या मांसावर मांजराचे सगळे भागत नाही.

आणि मधुमेही मांजर पुष्कळदा चक्क बरे होते. निदान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत काटेकोर उपचार सुरू केलेल्या मांजरांपैकी ८४ टक्क्यांचे इन्सुलिन सुटले, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. उशिरा सुरू केलेल्यांत ३५ टक्के. बाळ्याचे चार महिन्यांत सुटले. अमेरिकेत २०२२पासून काही मांजरांसाठी गोळीही मंजूर झाली आहे. पण ती प्रत्येकाला चालत नाही, आणि आधी इन्सुलिन घेतलेल्याला देत नाहीत.

बाळ्याला सकाळी आठ आणि रात्री आठला सुई देत ते घरातले काका. घड्याळ लावून. त्यांना स्वतःला वीस वर्षे मधुमेह आहे. स्वतःच्या गोळ्या ते विसरतात, लग्नाच्या पंगतीत जिलबीला नाही म्हणत नाहीत. बाळ्याच्या वजनाची वही त्यांनी इतकी नीटस ठेवली आहे, की माझ्या शाखेत असते तर मी त्यांना बढती दिली असती. मी एकदा काकूंना म्हटले, बोका बरा झाला, आता काकांचा नंबर. त्या शांतपणे म्हणाल्या, ''बाळ्याची वाटी आमच्या हातात होती हो. यांची यांच्याच हातात आहे.''

मला वाटते, या आजाराचे सगळे सार त्यात आले. मांजराला मोह नाही, कारण गोडच कळत नाही. त्याला पथ्य करता येत नाही आणि मोडताही येत नाही. त्याच्या अंगावरची चरबी ही त्याची चूक कधीच नसते. ती प्रेमाने वाढलेली असते, हे खरे. पण प्रेम करण्याचा आपल्याला एकच मार्ग ठाऊक आहे, तो म्हणजे वाढणे. ''घ्या हो थोडे'' म्हटल्याशिवाय आपला आग्रह पुरा होत नाही. पाहुण्याला निदान हात आडवा धरता येतो. मांजराला तेही नाही.

मग करायचे काय? मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकट्याने. वजाबाकी करा आणि महिन्यातून एकदा लिहून ठेवा. बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, वरून पाहिले तर कंबर दिसली पाहिजे. खाणे मोजून, दिवसातून चार-पाच वेळा थोडेथोडे. ते घरात ठिकठिकाणी लपवून ठेवले, तर निदान शोधायची मजुरी घडते. मोठ्या मांजराला दूध पचत नाही; पाणीच बरे. पाणी आणि लघवी वाढून वजन उतरू लागले, तर आनंद न मानता डॉक्टर गाठा. खाजेसाठी वगैरे स्टेरॉइड चालू असेल तर अधिकच लक्ष ठेवा.

आणि एक अगदी महत्त्वाचे: लठ्ठ मांजराला एकादशी घडवू नका. आपल्याला उपवासाची सवय, म्हणून वाटते, दोन दिवस उपाशी राहिले तर काय बिघडते? बिघडते. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले, की अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते, कावीळ होते आणि मांजर हातचे जाते. वजन उतरवायचे ते आठवड्याला एखाद्या टक्क्याने. सहा किलोच्या मांजराचे साठ ग्रॅम. चक्रवाढीने चढलेले कर्ज हप्त्यानेच फिटते.

हे सारे मी येडगावला सांगितले, तेव्हा बहिणीने मान डोलावली आणि तिच्या परीने व्यवहार काढला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा जीव गाई-म्हशींत; मांजराच्या सुईसाठी पुण्याला पाऊणशे किलोमीटर कोण नेणार? तेव्हा आजार होऊच द्यायचा नाही. गोठ्याला लागून पेंडीची पक्की खोली आहे, लोखंडी दाराची, खिडकीला जाळी. पेंडीच्या पोत्यांना उंदरांनी भोके पाडली होती. त्या रात्रीपासून मनीचा मुक्काम तिथे हलवला. बिबट्या आत येत नाही, उंदीर येतो. पाण्याची वाटी आत, सकाळ-संध्याकाळ मोजके खाणे. बिस्किटांचा पुडा नातवाच्या हाताला लागणार नाही अशा फडताळात.

पहिल्या आठवड्यात मनीने दारावर नखे घासून गोंधळ घातला. दुसऱ्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. आवाजात, जुन्या गड्याला पुन्हा कामावर घेतल्याचे समाधान होते.

''दादा, आज सकाळी दार उघडलं तर पोत्यापाशी दोन उंदीर मारून ठेवलेले. एक खाल्लेला, एक तसाच.''

''मग दुसरा?''

''दुसरा आम्हाला दाखवायला ठेवला असंल,'' ती म्हणाली.